चेअरमनचं रान शेवटी

३ मार्च, सोमवार

आज गच्चीवर सांडगे घातले. कीर्ती माझ्यासमोर उभी राहून भाषण म्हणत होती — हातवारे असले करते पोरगी की एक कावळा खाली उतरेना. राखणीला वेगळं माणूस लागलं नाही!

नात माझी वकिलीला आहे, सांगलीला. रोज एसटीनं जाते-येते. वीस तारखेला साताऱ्यात बोलायची स्पर्धा आहे. विषय — कायद्याचं राज्य ही कल्पना कशी कशी वाढत गेली. मी म्हटलं, अगं मी चौथी पास, मला काय ऐकवतीस? तर म्हणते, "म्हणूनच, आज्जी. परीक्षकांपुढं अवघड शब्द टाकून निसटता येतं. तुझ्यापुढं येत नाही."

तर आजचा धडा असा. आधी राजा बोलेल तो कायदा. सकाळी एक बोलला, संध्याकाळी दुसरं — दोन्ही कायदाच. मग आठशे वर्षांमागं इंग्लंडात मोठमोठ्या जमीनदारांनी आपल्या राजाला नदीकाठच्या कुरणात गाठलं आणि कागदावर शिक्का उठवायला लावला. की बाबा, देशाचा कायदा सोडून तू कुणाला धरून कोठडीत घालायचं नाहीस. मला ते कुरण आवडलं. आमच्या मळीच्या रानासारखं असणार — कडेला पाणी, लोक उभे, आणि राजाचा चेहरा पडलेला!

मी विचारलं, "आणि गडीमाणसांचं काय? त्यांनाबी तोच कायदा?"

कीर्ती म्हणाली, "नाही गं. तो कागद बड्या लोकांचा होता. बाकीच्यांपर्यंत यायला शेकडो वर्षं लागली."

मग बायकांचं मी विचारलंच नाही. सांडगे वाळायला लागले होते.

५ मार्च

मळ्यात हळद शिजवायला कायल लावली. माझा अंगठा पिवळा झालाय, या पानावर उमटला. असू दे.

६ मार्च, गुरुवार

गुंडा आला होता. गुंडा म्हणजे आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी. नदीवरून मोटारीनं पाणी उचलायचं, पाटानं सोडायचं, कुणाची पाळी कधी ते बघायचं — सगळं त्याच्याकडं. आज मात्र काखेत रजिस्टर.

"आवं काकू, सही करा. तेवीसला खास सभा हाय."

"तेवीसला सभा, आणि सही आज?"

"बायकांच्या सह्या आधी घेतो की आमी. तुमी कशाला उनाचं येताय!"

ही रीतच आहे. ह्यांच्या माघारी नऊ वर्षं झाली, रान माझ्या नावावर आलं, तेव्हापासून मी सभासद — नंबर सत्तावीस. नऊ वर्षांत सभेला एकदाही गेले नाही आणि रजिस्टरात एकदाही गैरहजर नाही! मी चष्मा लावला, सावकाश सही केली. चंदनबाला. शेवटच्या ला-चा काना जरा लांब ओढते मी, तसा ऐटदार दिसतो. अंगठा नव्हे, सही! गुंडा म्हणाला, "काकूची सही म्हंजे रांगोळीच." त्याला ताक दिलं.

वरच्या ओळीवर रंगूचा अंगठा होता. ती माझ्या आधी उरकून बसलेली.

८ मार्च, शनिवार

ग्रामपंचायतीत महिला दिन झाला. गुलाब दिला, स्टीलचा डबा दिला. डबा चांगला आहे.

संध्याकाळी आमच्या जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, मग कीर्तीनं पुढचं सांगितलं. इंग्लंडातच दुसरा एक राजा होता. त्याला वाटलं, आपण कोर्टात बसून आपणच निवाडे करावेत. तर एक न्यायाधीश त्याला म्हणाला, महाराज, तुमच्यावर कुठला माणूस नाही हे खरं, पण तुमच्यावर देव आहे आणि कायदा आहे. राजा इतका भडकला की तो न्यायाधीश म्हणे भुईवर पडून माफी मागायला लागला. पण बोलला ते बोलला. पुढं त्याची नोकरीही गेली.

मी म्हटलं, "देव वर आहे हे राजालाबी चालतं. कायदा वर म्हटलं की राग येतोय."

कीर्ती हसली आणि माझं वाक्य वहीत लिहून घेतलं! माझं वाक्य! साताऱ्यात म्हणणार आहे म्हणे.

मग मी तिला आमचा नियम सांगितला. तिला ठाऊक होता, पण मला सांगायचं होतं. आमचे हे संस्थेचे पहिले चेअरमन. ह्यांच्या वेळेपासून नियम आहे — पाण्याचा फेर सुरू झाला की सगळ्यांची रानं आधी भिजायची, चेअरमनचं रान शेवटी. पुढं चार चेअरमन झाले, सगळ्यांनी पाळला. आता दोन वर्षं माझा अजित चेअरमन आहे, तोही पाळतो. कीर्तीला म्हटलं, "तुझ्या इंग्लंडात राजाला धरून बांधून आणावं लागलं. तुझ्या आजोबांनी आपल्या हातानं आपल्यावर नियम घातला!"

मला लय भरून आलं सांगताना. फोटोकडं बघितलं. फोटोत ते नेहमीसारखे गंभीर.

११ मार्च, मंगळवार

रंगूबाई आली ती दारातनंच तोंड सुरू. रंगू माझी मैत्रीण — एकाच साली दोघी या गावात सून म्हणून आलो. तिचा मुलगा फौजेत, तिकडं बर्फात. रान बघायला ती आणि तिची सून. रान पाटाच्या अगदी टोकाला.

"तुजं बरं हाय बया! आता तुजं रान पयलं भिजणार."

मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? आमचं शेवटचं असतंय."

"व्हतं! तेवीसला ठराव हाय. चेअरमन आन् सगळ्या संचालकांस्नी पयली पाळी. मग बाकीचं गाव. मग टोकाला उरलं तर मी!"

मला काही ठाऊक नाही. घरातली गोष्ट मला बाहेरून कळावी? सूनबाईकडं बघितलं तर ती परातीत बघत होती. तिला माहीत होतं.

रंगूनं सगळं उलगडून सांगितलं. दोनातली एक मोटार जळाल्यापासून चौदा दिवसांचा फेर बावीस दिवसांवर गेलाय. त्यात विखुरलेली अकरा संचालकांची रानं आधी काढली, पाट दोनदा हिंडवला, तर टोकाला पाणी जायला अठ्ठावीस-तीस दिवस. तिनं जानेवारीत एकरभर ऊस लावलाय. कोंब आत्ता वीतभर. या उन्हात महिनाभर पाणी नाही म्हणजे संपलंच.

"मग सभेत बोल की जाऊन," मी म्हटलं.

"काय बोलू? माजा अंगठा झालाय!"

आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. गुंडाच्या रजिस्टरात तिनं अंगठा दिला, खाली मी सही केली. तिनं स्वतःचं पाणी तोडायला अंगठा दिला! आणि मी काना लांब ओढून ओढून सही केली!

रंगूच आधी हसली. मग मला आवरेना. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसलो. पण ती जाताना हसत नव्हती.

१२ मार्च

अजितला विचारलं. जेवताना विचारायचं नव्हतं, पण दुसऱ्या वेळी तो सापडत नाही. सकाळी मोटारीच्या मागं सांगली, दुपारी वीज मंडळ, संध्याकाळी पंपहाऊस.

म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलं?" मग म्हणाला, "संचालकांना पगार नाही, भत्ता नाही. शिव्या मात्र रोज. मोटार जळली तर मी पळायचं, आणि माझाच ऊस वाळायचा? नियमानं करतोय ना मी? चोरून तर पाणी घेत नाही! सभा बोलवलीय, ठराव मांडतोय, मंजूर करून घेणार. सगळं कायदेशीर."

खरं सांगायचं तर त्याचं मला पटलं. पोर काळं पडलंय धावून धावून. आमचा ऊसही शेंड्याला पिवळा पडायला लागलाय, मी बघितलाय.

कीर्ती अर्ध्या जेवणातनं ताट उचलून गेली.

१५ मार्च, शनिवार

शेवया. सूनबाई मशीन फिरवत होती, मी धरत होते, कीर्ती बोलत होती. आज लय मोठा धडा झाला. आठवेल तेवढं लिहिते.

एक प्रोफेसर होऊन गेला इंग्लंडात. त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. एक — कायदा मोडल्याशिवाय कुणाला शिक्षा नाही, साहेबाच्या मर्जीनं तर नाहीच. दोन — प्रधान असो की पोलीसशिपाई, सगळ्यांना कायदा एक आणि कोर्ट एक. तिसरी मला समजली नाही. कीर्तीनं दोनदा सांगितली, तरी नाही. ती म्हणाली, "राहू दे, तिसरीवर मोठ्यामोठ्यांचीही भांडणं आहेत."

मग आपली घटना. त्यात चौदावं कलम. कायद्यापुढं सगळे समान — आणि तिथं नागरिक नाही लिहिलेलं, व्यक्ती लिहिलंय. म्हणजे परदेशातनं आलेला पाहुणा का असेना, त्यालाही. हे मला फार म्हणजे फार आवडलं. लिहिणारानं किती सावकाश बसून विचार केला असेल!

मग एका मठाच्या स्वामींनी सरकारवर केस घातली. तेरा न्यायाधीश बसले, तेरा! प्रश्न असा, की संसदेत बहुमत आहे म्हणून घटनेतलं काय वाटेल ते बदलता येतं का? सात एका बाजूला, सहा दुसऱ्या. सातांनी सांगितलं — बदला, पण पाया उखडायचा नाही. खोल्या वाढवा, दारं हलवा, पायाला हात नाही. एका मताचा फरक!

पुढं आणीबाणी आली. ती मला आठवते, मी नवी नवरी होते. रेडिओवर काही सांगायचे आणि सासरे रेडिओ बंद करायचे. तेव्हा लोक आत टाकले होते, तर कोर्टानं सांगितलं, आत्ता तुम्हाला दाद मागता येणार नाही. चौघांनी सांगितलं. पाचवा एकटा म्हणाला, हे चूक आहे. त्याचं म्हणणं खरं होतं हे चाळीस वर्षांनी कोर्टानंच मान्य केलं.

आणि शेवटी एका बाईचा पासपोर्ट सरकारनं काढून घेतला, कारण सांगेनात. तेव्हा कोर्ट म्हणालं — नुसता कायदा केला, कागदावर लिहिला, म्हणजे भागलं नाही. तो न्यायाचाही पाहिजे. ज्याला तो लागणार त्याचं ऐकून घेतलं पाहिजे.

इथं मशीन थांबलं. सूनबाई म्हणाली, "हे तुझ्या पप्पांना सांगितलंस का?"

कीर्ती म्हणाली, "मी कसं सांगू? माझी फी तेच भरतात."

शेवया या वेळी बारीक आल्या.

१७ मार्च

रंगूच्या रानात जाऊन आले. माती अशी भेगाळलीय की माझी करंगळी आत गेली. कोंबांची पानं दुपारी गुंडाळून घेतात, संध्याकाळी उघडतात. रंगू म्हणाली, "आजून जित्ती हायती. येत्या फेरात पाणी मिळालं तर जगतील."

२० मार्च, गुरुवार

साताऱ्याहून फोन! दुसरा नंबर! सगळ्या महाविद्यालयांत दुसरा! कावळ्यांची प्रॅक्टिस कामाला आली. मी सगळ्या आळीत सांगून आले. दोन घरांत दोनदा सांगितलं.

२१ मार्च

कंदी पेढे आणले पोरीनं. माझं देवाचं आणि कायद्याचं वाक्य म्हटलं तेव्हा सगळं सभागृह हसलं म्हणे. मी विचारलं, माझं नाव सांगितलंस का? "सांगितलं की. माझी आज्जी, चौथी पास, असं सांगितलं."

पहिला नंबर का हुकला, तेही सांगितलं तिनं. भाषणानंतर एक परीक्षक बाई म्हणाल्या — "समजा, एखादा नियम सगळ्या रीती पाळून, बहुमतानं केला. पण तो करणाऱ्यांच्याच सोयीचा आहे. तर ते कायद्याचं राज्य झालं का?" कीर्ती उभीच राहिली. उत्तर येत होतं. पुस्तकातलं सगळं येत होतं. पण डोळ्यांसमोर पप्पा आले आणि तोंडातनं शब्द फुटेना.

मला सांगताना रडली. मी पेढा भरवला. मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "आज्जी, ठराव एकमतानं मंजूर असं लिहायचं ते तुमच्या सह्यांवरच ना? अकरा बायका. हजर दाखवायच्या, आणि विरोधात कुणी बोललं नाही म्हणून लिहायचं. बोलणार कुठनं, तुम्ही तिथं नसताच!"

अकरा जणी. मला कधी सुचलंच नव्हतं की तो आकडा एवढा मोठा आहे.

२२ मार्च, शनिवार

सकाळी जैन बस्तीतनं दर्शन घेऊन येताना विचार करत होते. सही केली म्हणजे मी लिहून दिलं की मी तेवीस तारखेला सभेत हजर आहे. आणि मी घरी बसले तर ते खोटं होतं. देवासमोरनं आले होते, त्यामुळं हे जरा जास्तच लागलं. सही खोडता येत नाही. मग एकच उरतं — सही खरी करायची. जायचं.

रंगूला सांगितलं. ती म्हणाली, "मेले! पुरुषांच्यात?" मी म्हटलं, "वहीत तू तिथं बसलेलीच हायस. नुसतं जाऊन बघ कुठली खुर्ची."

दुपारभर दोघी हिंडलो. एक जण आजारी, एक माहेरी, बाकी आम्ही दोघी धरून नऊ जणींनी जायचं ठरलं. अजितला बोलले नाही. त्यानंही मला ठराव सांगितला नव्हता.

असं लिहिलं खरं, पण मन चोरासारखं झालंय. उद्या मी उभी राहणार ती माझ्या पोराच्या समोर, आणि आमचाच ऊस पिवळा पडलाय.

२३ मार्च, रविवार

सगळं लिहिते, एकही गोष्ट सोडत नाही.

सभा संस्थेच्या शेडात. आम्ही नऊ जणी दारात गेलो. सचिव आप्पासो उठले, "आवं काकू, तुमच्या सह्या झाल्यात की! कशाला आला उनाचं?"

मी म्हटलं, "सह्या झाल्यात म्हणूनच आलोय. वहीत आमी हजर हाय न्हवं? मग बसायचं कुठं तेवढं सांगा."

मागनं कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. खुर्च्या रिकाम्या झाल्या. कीर्ती बाहेर खिडकीशी उभी राहिली. म्हणाली, "मी सभासद नाही, मला आत बोलता येत नाही." तिनं नियम पाळला!

अजितनं मला बघितलं. ठराव वाचला, पण आवाज रोजचा नव्हता. विचारलं, कुणाला काही बोलायचंय?

रंगू बसल्या बसल्याच म्हणाली, "आप्पासो, माज्या उसाचं पाणी तोडायला माजाच अंगठा घेतलासा व्हय? उद्या माज्या घराला कुलूप लावायला माजीच किल्ली मागशीला!"

लोक हसायला लागले, पण आता आप्पासो हसत नव्हते. एक संचालक म्हणाला, "मावशी, संस्था चालवायचा त्रास तुमाला काय ठावं?" रंगू म्हणाली, "पाट कोरडा पडल्यावर काय हुतंय ते तुला काय ठावं? तुजं रान पंपाच्या बुडात!"

मग मी उभी राहिले. अजित म्हणाला, "आई, तू घरी..." मी म्हटलं, "मी आई म्हणून आले न्हाई. सभासद नंबर सत्तावीस."

काय काय बोलायचं ते रात्रीच ठरवलेलं, सगळं विसरले. इंग्लंड विसरले, तेरा न्यायाधीश विसरले. एवढंच म्हणाले — "चेअरमन किती पळतोय ते मी घरात बघते. पण तो पळतोय का? त्याचं रान शेवटी हाय म्हणून. पाणी टोकापतुर पोचल्याबिगर त्याला मिळत न्हाई, म्हणून तो मोटारीच्या मागं सांगलीला तीनदा जातो. उद्या त्याला पयल्याच दिवशी पाणी मिळालं, तर तिसऱ्या दिवशी जळलेली मोटार कुणाला आठवंल? माझा पोरगा चांगला हाय. पण पुढचा चेअरमन कसा असंल मला ठावं न्हाई. नियम दोघांस्नीबी पुरला पाहिजे."

मग बसले. गुंडानं पाणी आणून दिलं.

हात वर करून मतं झाली. अजितनंच मोजली, दोनदा मोजली, एक हातही चुकवला नाही. ठरावाच्या बाजूनं तेहेतीस. विरोधात एकेचाळीस. माझा हात त्यानं मोजला तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही.

"ठराव नामंजूर," म्हणाला. कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आणि मग आपणहून म्हणाला, "यापुढं रजिस्टर कुणाच्या घरी जाणार नाही. ज्याला सही करायचीय त्यानं सभेला यायचं."

नऊच्या नऊ जणींनी चहा घेतला. पुरुषांच्या आधी!

२४ मार्च

अजित बोलत नाही. जेवला, उठला. मी काही विचारलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

अजून नाही. दुपारी त्याच्या उसात जाऊन उभी राहिले. पिवळेपणा वाढलाय. आपण केलं ते बरोबर केलं हे ठाऊक आहे, तरी ऊस पिवळाच. दोन्ही खरंच.

२६ मार्च

सकाळी अजित म्हणाला, "आई, लोणचं कुठं ठेवलंय?" लोणचं त्याच्या समोरच होतं. मी उठून त्याच्या ताटात वाढलं. झालं.

नंतर गाडी सुरू करता करता म्हणाला, "मोटार उद्या मिळतीय. मागं लागून काढून घेतली." आणि माझ्याकडं बघून, "शेवटी आहे ना मी!" हसला! सगळे दात दिसले. लहानपणी हसायचा तसाच.

३० मार्च, रविवार

पाडवा. दोन्ही मोटारी चालू. पहाटे रंगूच्या रानात पाणी गेलं. ती साखरेची माळ घेऊन आली, ती माझ्याच गळ्यात घातली आणि म्हणाली, "चंदना, कोंबांनी पानं उघडली गं." नऊवारी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, तशीच पुरणपोळी खाल्ली. तिच्या मुलाला फोन लावला. तिकडनं तो ओरडत होता, "काकू, सरपंच व्हा आता!"

आमचं रान परवा भिजेल. शेवटी. थोडा ऊस गेला, पण बराचसा वाचेल म्हणतोय अजित.

गावातली पोरं आता आमच्या ह्यांचं नाव घेतात — त्यांनी केलेला नियम म्हणून. मी फोटोला हार घातला. इतकं बरं वाटतंय की काय सांगू.

२ एप्रिल, बुधवार

पंपहाऊसवर नियमाची पाटी लावायचीय. शब्द जसेच्या तसे पाहिजेत म्हणून आप्पासोनं जुन्या सभांची वही शोधून दिली. कीर्तीनं वाचून दाखवलं. साल चौऱ्याऐंशी, जून. "चेअरमन यांनी मे महिन्यात तीन वेळा पाळी मोडून आपले हळदीचे रानास पाणी घेतले असे सभेस दिसून आले. सबब यापुढे चेअरमनचे रानास पाणी सर्वांचे शेवटी द्यावे." विरोधात मत एक. खाली चेअरमन म्हणून सही ह्यांची.

कीर्ती माझ्याकडं बघेना.

ती हळद माझी होती. मीच मागं लागले होते — चेअरमनची बायको मी, आणि माझे वाफे कोरडे?

त्या दिवशी हे सभेहून घरी आले तेव्हा मी विचारलं होतं, काय झालं सभेत? पाय धूत म्हणाले, "काय न्हाई. एक नियम झाला. चांगला हाय. वाढ लवकर, दिवस मावळतोय."